बादली दिसली की पळायचं

आयुष्यभर दुसऱ्यांना पळवलं आणि स्वतः मात्र शिट्टी घेऊन सायकलवर बसून राहिलो. अशा माणसाने दिवाळी अंकात लिहायचं तरी काय, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "सर, तुम्ही विद्यार्थी घडवलेत, त्याबद्दल लिहा." घडवले वगैरे मी काही नाही. वसईतल्या एका कॉलेजात जिमखाना सांभाळायचो आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंचा सराव घ्यायचो. माझ्या धावपटूंचे फोटो पेपरात आले नाहीत. पण वसईतल्याच पापडी गावाच्या रस्त्यावरून त्यांना जाडं मीठ, गुडघ्याचं तेल, कोंबड्यांचं खाद्य आणि दोन भावांमधल्या शिव्या पोचवताना ज्यांनी पाहिलंय, ती माणसं अजून मला बाजारात अडवून हसतात. तेव्हा त्याबद्दलच लिहितो.

सुरुवात मिठापासून झाली. आमचा सकाळचा सराव पापडीच्या वाड्यांमधून चालायचा. दोन्ही बाजूंना केळी, माड, पानवेली, मधूनच एखादा क्रूस, आणि रस्ता असा वळणावळणाचा की शेवटचा धावपटू पहिल्याला कधी दिसत नाही. या रस्त्यावर कात्रीनबायचं घर. बायची मुलं परदेशात, नवरा देवाघरी, सोबतीला एक भांडखोर कोंबडा. माहेर मिठागरवाल्यांचं, त्यामुळे बोलणंही तिकडचं आणि खारट. आम्ही जाऊ लागलो की ती फाटकात उभी राहून रोज विचारायची, "कटे चालला रे सगळे?"

एकदा मी सायकल थांबवून उत्तर दिलं, "कुठेच नाही बाय. कॉलेजातून निघतो आणि कॉलेजातच परत जातो."

"कायतरी आनायला जाता?"

"नाही."

"कोनाला भेटायला?"

"नाही हो. नुसतं पळतो."

बायने माझ्याकडे, मग माझ्या धापा टाकणाऱ्या पंधरा-वीस पोरापोरींकडे पाहिलं. एवढी धडधाकट मुलं रोज एवढी लांब जातात आणि हात हलवत परत येतात, हे तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी ती म्हणाली, "मग येताना होळीच्या बाजारातून जाडं मीठ आना. पिशवीतलं बारीक नको, त्याला चव नाय."

होळी हे वसईतल्या बाजाराच्या जागेचं नाव, आणि ती आमच्या वाटेवर नव्हती. पण बायचा आवाज असा होता की नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दिवशी आम्ही वाट वाकडी करून मीठ आणलं. मला घाम पुसता पुसता जाणवलं की पोरं नेहमीपेक्षा जास्त पळाली होती आणि एकानेही कुरकूर केली नव्हती. रोज "सर, अजून किती?" म्हणून माझं डोकं खाणारी हीच पोरं मिठाची पिशवी कुणी धरायची यावरून भांडत होती.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो. लोकांना वाटतं की धावपटू रोज जीव खाऊन पळतो. तसं केलं तर महिन्याभरात त्याचे गुडघे राजीनामा देतील. लांब पल्ल्याचा धावपटू आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश पळतो, इतका सावकाश की पळता पळता गप्पा मारता याव्यात. एखाद-दोन दिवस मात्र डोळ्यांपुढे तारे चमकेपर्यंत पळतो. कठीण असतात ते सावकाश दिवस, कारण ते कंटाळवाणे असतात. माझ्या लक्षात आलं की कंटाळ्यावर मीठ हा चांगला उपाय आहे.

मग मी नियमच केला. प्रत्येक धावपटूने वाटेवरचं एक म्हातारं माणूस वाटून घ्यायचं. सरावात त्याच्या फाटकाशी थांबायचं, काही हवं-नको विचारायचं, ते पुढच्या फेरीत आणून द्यायचं. "दुसऱ्याच्या कामी न येणारे पाय काय कामाचे?" असं एक भाषणही मी ठोकलं. पोरांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यांनी मात्र संधी साधली.

पहिल्या महिन्यात माझ्या धावपटूंची वजनं वाढली. फाटकाशी थांबलेल्या पोराला रिकाम्या पोटी परत पाठवणं पापडीत कुणाला जमत नाही. कुणी केळी देई, कुणी उन्हात वाळवलेली सुकेळी, कुणी ताक. कात्रीनबाय तर फुगे तळायची. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे. खरं तर लग्नात किंवा नाताळात करायचे, पण बायच्या घरी दर आठवड्याला नाताळ येऊ लागला. आम्ही निघालो होतो सेवा करायला आणि सेवा आमचीच चालली होती. एका शर्यतीत दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी माझ्या पोरांकडे बघून विचारलं, "तुमचा संघ कुस्तीचा ना?"

दुसरी भानगड पास्कूदादा आणि इनासदादा या सख्ख्या भावांची. एकाच वाडीच्या दोन टोकांना दोघांची घरं, आणि मधल्या माडावरून अबोला. इनासदादाचा धावपटू होता विरारचा निनाद, अतिशय नम्र मुलगा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "दादा, काही आणायचं का?"

"आनायचं नाय, न्यायचं आहे," इनासदादा म्हणाला. "त्या टोकाला जा आनि सांग, तुझा नारळ माझ्या कौलावर पडला, तुला लाज नाय."

निनाद गेला आणि नम्रपणे म्हणाला, "दादा, तुम्हाला लाज नाही असा निरोप आहे." पास्कूदादाने तिथल्या तिथे उत्तर दिलं. निनाद ते घेऊन परत आला. उत्तराला उत्तर तयारच होतं. मी सायकलवरून बघत होतो. जोरात धाव, थोडी विश्रांती, पुन्हा जोरात धाव. यालाच आम्ही इंटरव्हल म्हणतो, वेग वाढवायचा याहून चांगला सराव नाही. मी भांडण मिटवायला अजिबात गेलो नाही. त्या वर्षी निनादचा वेग असा वाढला की मला त्या दोघांना कॉलेजतर्फे शाल-श्रीफळ द्यावंसं वाटत होतं. श्रीफळावरून पुन्हा वाजलं असतं म्हणून नाही दिलं.

आता सुप्रियाबद्दल. सुप्रिया मोहिते माझ्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत चांगली धावपटू. घर नायगावच्या एका नव्या टॉवरमध्ये, वडील मूळचे साताऱ्याकडचे, मुंबईत नोकरीला. मुलगी पळते म्हणजे वेळ वाया घालवते, असं मोहितेसाहेबांचं स्पष्ट मत होतं. शेवटी बाप-लेकीत एक करार झाला होता. शेवटच्या वर्षाच्या आधी विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे पळायचं, नाहीतर बूट माळ्यावर आणि नाव बँकेच्या परीक्षेच्या क्लासला. आमच्या कॉलेजातून कुणी त्या संघात कधी गेलं नव्हतं, आणि माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. त्यामुळे करार जरी त्या दोघांचा असला तरी झोप माझीही उडाली होती.

सुप्रियाच्या वाट्याला कात्रीनबाय आली होती. दोघींचं छान जमायचं, म्हणजे दोघी सतत भांडायच्या.

"बाय, हे मीठ चालेल का? सेम आहे ना?"

"सेम नाय. तुझी बुद्धी पन बारीक आनि मीठ पन बारीक."

एकदा सकाळी सुप्रियाने फाटकातून हाक मारली, उत्तर आलं नाही. बाय झोपली असेल असं समजून ती पुढे गेली. बाय मागच्या दारी घसरून पडली होती. दुपारी पाववाला आला तेव्हा कळलं. फार लागलं नव्हतं, बाय दोन आठवड्यांत उठून कोंबड्याला शिव्या देऊ लागली. पण सुप्रिया बरेच दिवस नीट जेवली नाही. "सर, मी तिथेच होते यार. गेटवर होते," एवढंच म्हणायची.

त्यातून बादलीचा नियम आला. तो सुप्रियाने काढला. सकाळी उठलं की प्रत्येक म्हाताऱ्याने फाटकावर बादली अडकवायची. बादली दिसली की माणूस ठीक आहे, धावपटूने हाक मारून पळत राहायचं. बादली नसेल तर काहीही असो, थांबायचं, आत जायचं, माणूस डोळ्यांनी बघायचा. कात्रीनबायची बादली लालभडक होती, वळणाआधीच दिसायची. मी पोरांना बजावलं होतं, "बादली दिसली की पळायचं, नाही दिसली की थांबायचं. यात डोकं चालवायचं नाही."

डोकं चालवायचं नाही हे पोरं किती मनावर घेतात, ते मला शर्यतीच्या दिवशी कळलं.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीचं यजमानपद आमच्याकडे आलं. क्रॉस कंट्री म्हणजे मैदानात गोल गोल न फिरता वाड्या, चिखल, पायवाटा तुडवत जायची शर्यत. मार्ग मीच आखला, आणि साहजिकच पापडीतून आखला. पहिल्या सहा मुलींची निवड विद्यापीठाच्या संघात होणार होती. मोहितेसाहेबही रजा टाकून आले होते आणि सारखे घड्याळ बघत होते.

मुलींची शर्यत सुटली. पहिल्या वळणावरच्या पोराने फोन केला, "सर, सुप्रिया सगळ्यांत पुढे. खूप पुढे!" मोहितेसाहेबांना पेढा द्यायचाच तेवढा बाकी होता. एवढ्यात मैदानाच्या फाटकाशी एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून कात्रीनबाय उतरली. अंगावर सणाची साडी, केसात फूल. चर्चपलीकडे ही बाई कित्येक वर्षांत गेली नव्हती.

"सांगितलं नाय कोनाला," ती लाजून म्हणाली. "पोरीला अचानक दिसायचं होतं. आनि रिकाम्या हाती कशी येनार? फुगे केले."

मी पळत जाऊन खुर्ची आणली, अंतिम रेषेशीच मांडली. बाय बसली. तिने फुग्यांवरचं फडकं काढलं. फुगे लाल बादलीत होते.

"बाय, ही फाटकावरची?"

"मग? एवढे फुगे मावनार कशात? घासून घेतली."

म्हणजे बायच्या फाटकावर आज बादलीच नव्हती. पळणाऱ्या मुलीकडे फोन नसतो. बायच्या घराजवळच्या वळणावर झेंडा घेऊन निनाद उभा होता, त्याला फोन लावला, तो उचलेना. मोटरसायकल कुणाची मिळेना. शेवटी केमिस्ट्रीच्या पाटील मॅडमच्या स्कूटरवर मागे बसलो. पाटील मॅडम स्कूटर जपून चालवतात. मोकळ्या रस्त्यावर वळताना हात दाखवतात, कुत्रं आडवं आलं तर ते निघून जाईपर्यंत पाय टेकून थांबतात. "मॅडम, जरा जोरात," म्हटलं तर म्हणाल्या, "सर, पोचणं महत्त्वाचं." समोरून धावपटू येऊ लागल्या. पहिली वेगळ्या कॉलेजची, दुसरी वेगळ्या, तिसरी, चौथी. आमची एकही नाही.

कात्रीनबायच्या फाटकाशी पोचलो तर आत कुंभमेळा भरला होता. बायच्या घरामागे बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं जुनं तळं. बायची एक चप्पल त्याच्या काठाशी तरंगत होती (आदल्या दिवशी ती तिने कोंबड्याला फेकून मारली होती, हे नंतर कळलं). चप्पल पाहिल्यावर सुप्रिया बुटांसकट पाण्यात उतरली होती. तिच्या मागून आलेल्या आमच्या कॉलेजच्या तिन्ही मुली बादली नाही म्हणून आत वळल्या होत्या आणि त्याही पाण्यात होत्या. निनाद झेंड्याच्या काठीने तळ ढवळत होता. पास्कूदादा आणि इनासदादा दोन्ही काठांवर उभे राहून एकमेकांशी न बोलता सूचना देत होते. वळणावर झेंडा नाही म्हणून दोन परक्या मुली सरळ केळीच्या वाडीत घुसल्या होत्या आणि तिथून वाट विचारत होत्या.

"सुप्रिया!" मी ओरडलो. "बाय मैदानावर आहे!"

तिने वळून पाहिलं. केसात शेवाळ, डोळ्यांत पाणी, ते तळ्यातलं नव्हतं.

"नक्की, सर? तुम्ही बघितलं?"

"बघितलं! खुर्चीवर बसलीय! फुगे घेऊन!"

"बादली?"

"तिच्याजवळच आहे, लाल! पळ!"

ती पळाली. मी आयुष्यात खूप जणांना पळताना पाहिलं, पण ओल्या बुटांची पचपच करत जाताना ती जशी पळाली तसं कुणालाच पाहिलं नाही. पाटील मॅडमच्या स्कूटरला तिने पहिल्याच फटक्यात मागे टाकलं. मग एकेका मुलीला गाठत गेली. अंतिम रेषेवर सहावी मुलगी पोचली, आणि तिच्या अगदी पाठोपाठ, हात लावला तर लागेल इतक्या अंतरावर, सुप्रिया आली. सातवी.

तिला नंबर विचारायचाही नव्हता. ती सरळ खुर्चीकडे गेली आणि बायच्या पायांशी बसून हमसून हमसून रडली. बाय काही न समजून तिच्या केसातलं शेवाळ काढत म्हणाली, "एवढा उशीर? फुगे गार झाले ना!"

एका कॉलेजच्या सरांनी हरकत घेतली की मी वाटेत मार्गदर्शन केलं. पंचांनी पुस्तक चाळलं. धावपटू जिथून बाहेर गेली तिथूनच परत शर्यतीत आली, म्हणून ती बाद होत नव्हती. तळ्यात उतरण्याबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं. शिवाय सातवीविरुद्ध हरकत घेऊन मिळणार काय, असं कुणीतरी त्यांना समजावलं. मला मात्र ती सातवी अजून बोचते. मी हे उगाच विनोदाने लिहितोय, त्या दिवशी मी जिमखान्याच्या खोलीत जाऊन एकटाच बसलो होतो.

परत आलो तेव्हा मोहितेसाहेब लेकीला म्हणत होते, "झालं ते झालं. पण ठरलेलं ठरलेलं. घरी चल."

"काय ठरलेलं?" कात्रीनबायने विचारलं. कुणीतरी सांगितलं. बायने मोहितेसाहेबांना आपादमस्तक न्याहाळलं, एक फुगा उचलला आणि त्यांच्या तोंडात कोंबला.

"ती सगळ्यांच्या पुढं होती. मी मेले असंन म्हनून थांबली. चूक कोनाची? माझी. मग शिक्षा तिला कशी? पुढल्या वर्षी परत धावंन. कसा आहे फुगा?"

मोहितेसाहेबांचं तोंड पूर्ण भरलेलं होतं. फुगा चांगला आहे हे सांगायला त्यांनी मान हलवली.

"बघा, हो म्हनले," बायने जाहीर केलं, आणि तिथे जमलेल्या शंभरएक लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोहितेसाहेबांनी घास गिळला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बायच्या हातात दुसरा फुगा तयार होता. त्यांनी तोंड मिटून घेतलं. जाताना मला हळूच म्हणाले, "सर, सगळे पुढे गेले तरी ही थांबली. हे तुम्ही शिकवलंत?" मी म्हणालो, "मी फक्त बादलीचं सांगितलं होतं." ते लेकीच्या ओल्या कपड्यांची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन निघाले.

पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा आमच्याकडेच होती. मी त्या दिवशी पहाटे मार्ग बघायला सायकलवर निघालो, आणि पापडीच्या तोंडाशीच उतरलो. कात्रीनबायच्या फाटकावर लाल बादली होती. पुन्हा गोंधळ नको म्हणून तिने दुसरी एक निळी शेजारी अडकवली होती. ते बघून पास्कूदादाने दोन लावल्या होत्या. त्याने दोन लावल्या म्हणून इनासदादाने तीन, आणि एक कळशी. मग बाकीच्यांनाही राहवलं नसावं. ज्यांच्याकडे आमचं कुणी जातही नव्हतं त्या घरांच्या फाटकांवरसुद्धा बादल्या होत्या. हिरव्या, पिवळ्या, पत्र्याच्या, रंगाचे डबे, एके ठिकाणी बाळाचा आंघोळीचा टब. सगळा रस्ता दोन्ही बाजूंनी पोरीला सांगत होता की आम्ही सगळे ठीक आहोत, तू पळ. मी तिथे रस्त्यात उभा राहून हसलो आणि मग चष्मा पुसावा लागला.

सुप्रिया त्या रस्त्याने सगळ्यांच्या पुढे गेली. मी कात्रीनबायच्या फाटकाशीच उभा होतो. बाय या खेपेला घरातून हलणार नव्हती, तसं तिने चर्चमध्ये कबूल केलं होतं म्हणे. सुप्रिया वळणावर दिसली, तिने लाल बादली पाहिली, बाय पाहिली आणि वेग आणखी वाढवला. अंतिम रेषेवर ती पहिली येणार, संघात जाणार, आणि मोहितेसाहेब स्वतः बादलीभर पेढे वाटणार, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. बायने फाटकावर दोन्ही हात टेकले आणि सगळ्या पापडीला ऐकू जाईल असं ओरडली,

"येताना जाडं मीठ आन गो!"

मी निवृत्त झालो. तोच रस्ता संपतो तिथल्या एका घरात आता मी राहतो, बायको गेल्यापासून एकटाच. पोरं अजून पळतात, नवे सर तोच नियम पाळतात. मीही सकाळी बादली लावतो. परवा विसरलो. आंघोळ करत होतो, तर बाहेरचं दार धाडकन उघडलं आणि चार घामेजलेली मुलं बाथरूमच्या दारावर बुक्क्या मारत ओरडू लागली, "सर! सर, आहात का?"

मी अंगाला साबण तसाच ठेवून ओरडलो, "आहे रे, आहे! पळा!"

पण ती हलेनात. त्यांना माणूस डोळ्यांनी बघायचा होता, तसं बजावणारा मीच होतो. शेवटी टॉवेल गुंडाळून दार किलकिलं केलं, तोंड दाखवलं, तेव्हा कुठे ती गेली. बादली आतच होती. मी आंघोळ त्याच बादलीने करत होतो.